चीवर उतरवलेल्या मामांबरोबर इसानमध्ये

माझे मामा पंधराएक वर्षं भिक्खू होते. त्या काळात त्यांना घरात कुणी मामा, दादा म्हणत नसे. सगळे 'भन्ते' म्हणायचे, आजीसुद्धा. थायलंडहून नागपूरला आले की आजी त्यांच्यासमोर तीनदा वाकायची आणि मी सख्खी भाची असून दोन हात लांब बसायचे. त्यांच्या परंपरेत भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यायचा नाही, त्यांनी समोर पसरलेल्या फडक्यावर ठेवायचा. मग एका उन्हाळ्यात ते चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, सोडून पँट-शर्ट घालून आले. वस्तीत 'भन्ते उतरले' एवढ्या दोन शब्दांत सगळं बोलून झालं. काही लोकांनी तर 'जय भीम' घालायचंही सोडलं.

आता ते ऑक्टोबर ते मार्च बोधगयेत असतात. थाई यात्रेकरूंचे जथे येतात, त्यांना थाई बोलणारा गाइड लागतो. यंदा ऐन हंगामात सुट्टी काढून ते म्हणाले, "16 जानेवारीला उबोनला जायचं आहे. येतेस का?" 16 जानेवारी हा त्यांच्या परंपरेचे गुरू अजान चाह यांचा स्मृतिदिन ('अजान' म्हणजे आचार्य). चीवर सोडल्यापासून मामा ईशान्य थायलंडातल्या त्या भागात फिरकले नव्हते. मी लगेच हो म्हटलं.

9 जानेवारी, बँकॉक

विमानप्रवासात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा : थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं. 1 मे 2025 पासूनचा नियम आहे आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा. व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, ते तिकीट काढण्याआधी स्वतः तपासा.

सामान टाकून आम्ही बाम्रुंग म्युआंग रस्त्यावर गेलो. मोठ्या लाल झोपाळ्याची उंच चौकट आणि वाट सुथात हे विहार (थाईत 'वाट' म्हणजे विहार) जिथे आहे, तिथून हा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना फक्त धम्माचं सामान. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोनेरी बुद्ध फुटपाथवर रांगेने बसलेले, आत चिवरांचे गठ्ठे, आणि दारात पिवळ्या बादल्यांच्या उतरंडी. या बादल्या म्हणजे संघदानाचं तयार पॅकेज. वरून झिलईदार कागद, आत साबण, चहा, टॉवेल, छत्री.

मी एक उचलली तर मामा म्हणाले, "वरचं बघू नको, खाली काय भरलंय ते बघ." खाली पाण्याची बाटली आणि बरंचसं पुठ्ठ्याचं पोट होतं. टॉवेल म्हणजे मोठा रुमाल. "आमच्या कोठारात असल्या बादल्यांचा ढीग असायचा. सामान वाया जायचं. बादल्या मात्र कामाला यायच्या, सिमेंट कालवायला."

मग त्यांनी स्वतः यादी करून सामान घेतलं : दाढीची पाती, टॉर्चचे सेल, खोकल्याच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं, जाड सुई आणि चिवराच्या रंगाचा दोरा. तुम्हाला कधी विहारात दान द्यायचं असेल तर हीच यादी वापरा. अरण्यातल्या विहारासाठी चीवर घेत असाल तर रंग विचारून घ्या. शहरात भगवा-केशरी चालतो, रानातले भिक्खू गडद तपकिरी नेसतात. फणसाच्या खोडाच्या ढलप्या तासन्‌तास उकळून ते स्वतः रंग काढतात. तो वास मामांच्या जुन्या पिशवीला अजून येतो.

पैसे देताना मामांनी नोटा दोनदा मोजल्या. ही सवय नवीन आहे. भिक्खू असताना पैशाला हात लावायचा नाही, म्हणजे अक्षरशः नाही. चीवर उतरवल्यावर खातं उघडायला गेले तर ना पॅन कार्ड, ना पत्त्याचा पुरावा, पासपोर्टवर भिक्खूचं नाव आणि मुंडण केलेला फोटो. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? मामा म्हणाले, "सकाळी पात्र घेऊन उभा राहायचो." साहेबांनी व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तिथून जवळच बान बाट नावाची गल्ली आहे. थायलंडचा राजा पहिला राम याच्या काळापासून इथे भिक्षापात्रं घडवतात. पूर्वी अशा आणखी वस्त्या होत्या, आता ही एकच उरली आहे. लोखंडी पत्र्याचे आठ तुकडे जोडून पात्र होतं, आठ म्हणजे अष्टांगिक मार्ग. गल्लीच्या तोंडापासूनच ठोक्यांचा आवाज येतो. ओट्यावर बसलेल्या म्हातारबाबांच्या मांडीत अर्धवट पात्र होतं. आतून ऐरण लावून ते बाहेरून हातोडी घालत होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर पात्र जरासं फिरवत होते. मामांनी तयार पात्र उचललं, बोटाच्या पेरांनी वाजवलं, कानाशी नेलं, आणि मग तोंडाची कड अंगठ्याने चारी बाजूंनी चाचपली. म्हातारबाबांची हातोडी थांबली. त्यांनी काहीतरी विचारलं, मामांनी मान हलवली, आणि दोघं हसले. "काय म्हणाले?" "म्हणाले, किती वर्षं वागवलंत?"

मामांनी पात्र घेतलं नाही, ठेवून दिलं. त्यांचं स्वतःचं पात्र जाताना संघाला परत केलं होतं.

रात्री नऊच्या सुमाराला उबोनची गाडी. लांब पल्ल्याच्या गाड्या आता जुन्या हुआ लाम्पोंगहून सुटत नाहीत, क्रुंग थेप अफिवात या नव्या अवाढव्य स्टेशनवरून सुटतात. शक्यतो खालचा बर्थ घ्या, थोडा महाग पण चांगला रुंद असतो. एसी इतका गार असतो की स्वेटर पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

अंथरूण घालायला आलेला कर्मचारी मामांशी बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, मीपण होतो, आजोबा गेले तेव्हा. आजोबांना अग्नी देण्याच्या दिवशी डोकं भादरून चीवर घेतलं आणि काही दिवसांनी उतरवलं. समोरच्या बर्थवरचा सैनिक म्हणाला, मी एक वर्षावास केला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू होतो, आईसाठी. दोघांनी हे ज्या सुरात सांगितलं त्या सुरात आपल्याकडे लोक एनसीसीत होतो म्हणून सांगतात.

गाडी हलल्यावर मामांना बोलायची लहर आली. "राजा मोंगकूट 27 वर्षं भिक्खू होता. 1851 मध्ये भाऊ वारला तेव्हा चीवर उतरवून गादीवर बसला. पुढे ऐंशीएक पोरं झाली त्याला. आणि मी साधा चहा प्यायला टपरीवर उभा राहिलो तर वस्तीत चर्चा." मग थोड्या वेळाने : "राजा भूमिबोलने 15 दिवस चीवर घेतलं, माहीत आहे कधी? 22 ऑक्टोबर 1956." दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला. मी हिशेब करत होते तोवर मामा झोपले.

10 जानेवारी, वारिन चमराप

रुळाने 575 किलोमीटर. पहाटे गाडीतून उतरले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. थायलंडमध्ये थंडी वाजेल हे कुणी सांगितलं नव्हतं. इसानमध्ये, म्हणजे ईशान्य भागात, जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि दुपारी मात्र ऊन चटकतं. उबोनचं स्टेशन खरं तर मून नदीच्या अलीकडे वारिनला आहे. आम्ही तिथेच खोली घेतली होती.

स्टेशनबाहेरच्या बाजारात मामांनी सगळ्यात आधी चिकट भात घेतला. वाफवून बांबूच्या विणलेल्या डबीत ठेवलेला, हाताने गोळा करून खायचा. बरोबर कोळशावर भाजलेली कोंबडी आणि सोम तम. कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, लसूण, लिंबू आणि आंबवलेल्या माशाचं काळपट पाणी लाकडी मुसळाने उखळात कुटतात. वास उग्र असतो. सुकट खाणाऱ्या घरातली असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही, पण तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं. विकणाऱ्या बाईंनी मिरच्या किती हे बोटांवर विचारलं तेव्हा मामांनी माझ्या वतीने चार बोटं दाखवली होती. तुम्ही एकापासून सुरुवात करा.

दुपारी बुंग वाई गावाजवळच्या वाट पा नानाचाटला गेलो. 1975 मध्ये अजान चाह यांनी परदेशी शिष्यांसाठी हे विहार सुरू केलं आणि अमेरिकन शिष्य अजान सुमेधो यांच्याकडे सोपवलं. इथे इंग्रजी चालतं, म्हणून आपल्याकडच्या माणसाला पहिल्या भेटीसाठी हेच सोयीचं. मुक्काम करायचा तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. नुसतं भेटायचं तर सकाळी जेवणाच्या आधी पोहोचा. जेवण दिवसातून एकदाच असतं, आणि ते सकाळीच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असले तर उत्तम.

गेटच्या आत चार पावलं टाकली आणि शेतांमधलं ऊन एकदम संपलं. उंच झाडं, झाडून लखलखीत केलेल्या पायवाटा. दुपारी सगळे भिक्खू लांब दांड्याचे झाडू घेऊन पाला झाडतात. सभागृहात बुद्धमूर्तीपासून जवळच काचेच्या पेटीत माणसाचा खराखुरा सांगाडा उभा आहे. मी दचकले. मामांनी सांगाड्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि तीनदा वाकून नमस्कार करायला बसले, अर्थात मूर्तीला.

11 जानेवारी, बुंग वाई

हा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

पहाटे अंधारातच गावात गेलो. भिक्खू अनवाणी पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, येतात त्या रस्त्याच्या कडेला बायका चटया टाकून गुडघ्यांवर बसल्या होत्या. मामांनी चिकट भाताची मोठी डबी विकत घेतली होती आणि एका आजीबाईंच्या शेजारी जागा पकडली. धुक्यातून रांग आली. ज्येष्ठ पुढे, नवे मागे, सगळ्यांची नजर खाली. ही रांग थांबत नाही, फार तर पाऊल मंद होतं. तेवढ्यात दात्याने भाताचा गोळा तोडून पात्रात टाकायचा.

मामा या रस्त्यांवर कित्येक वर्षं पात्र घेऊन चालले होते. पण भात द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पहिला गोळा बोटांना चिकटला तो सुटेना. दुसरा लिंबाएवढा हवा होता, तो नारळाएवढा निघाला. तोवर तीन भिक्खू पुढे निघून गेले आणि मामांचा भात हातातच. आजीबाईंनी रांग संपेपर्यंत कळ काढली आणि मग मामांना जे झापलं! हात ओला कर, तीन बोटांनी तोड, एवढा मोठा दिलास तर शेवटच्याच्या पात्रात जागा राहील का? त्यांनी आपल्या डबीतला भात तोडून दाखवला, एक, दोन, तीन, चार, मशीनसारखा. मामा शहाण्या मुलासारखे मान डोलवत होते. दुसरी रांग आली तेव्हा जमलं.

परत येताना मी विचारलं, तुमच्या पात्रात मोठे गोळे टाकायचे का लोक? "नवे लोक टाकायचे. शहरातून आलेले. आम्ही मनात चिडायचो." पाचेक पावलं गेल्यावर स्वतःशीच हसले.

(देणाऱ्या बाईने भाताचा गोळा पात्रात वरून सोडायचा, पात्राला किंवा हाताला हात लागू द्यायचा नाही. दुसरी वस्तू असेल तर भिक्खू फडकं पुढे करतील त्यावर ठेवायची. चपला काढून ठेवा. फोटो काढायचा तर दुरून, फ्लॅश बंद करून.)

12 ते 15 जानेवारी, वाट नोंग पा पोंग

अजान चाह यांचा जन्म 1918 चा. 1954 मध्ये ते आपल्या गावाजवळच्या या मलेरियाच्या रानात येऊन राहिले, त्याचं पुढे विहार झालं. आज त्याच्या तीनशेहून जास्त शाखा आहेत, परदेशातही. 16 जानेवारी 1992 ला ते गेले. दर वर्षी त्या दिवसाच्या आधी सगळ्या शाखांतले भिक्खू आणि हजारो गृहस्थ इथे गोळा होतात, रानात राहतात.

राहतात म्हणजे झाडाखाली. दोरीला मोठी छत्री टांगायची, तिच्यावरून मच्छरदाणी सोडायची, खाली चटई. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मला बायकांच्या भागात दोन शिक्षिका आणि एका भाजीवालीच्या मधली जागा मिळाली. एकीचंही इंग्रजी नाही, माझं थाई नाही. पहाटे तीनला घंटा झाली, वंदना सुरू झाली आणि मला एकदम सगळं कळायला लागलं. 'इतिपि सो भगवा' ही तर लहानपणापासून पाठ. त्यांचे उच्चार वेगळे, 'बुद्धं'चं 'फुत्थं' होतं, पण चाल धरून मी शेवटपर्यंत म्हटलं. भाजीवालीने टॉर्च माझ्या तोंडावर मारून बघितलं, मग शेजारणीला उठवून दाखवलं. त्यानंतर चार दिवस मला कुणी उपाशी राहू दिलं नाही.

उपाशी राहणं अवघडच होतं म्हणा. विहाराच्या आवारात दानाची स्वयंपाकघरं लागतात, एकेका कुटुंबाचं, गावाचं, दुकानदारांच्या मंडळाचं. सगळं फुकट : नूडल, भात, सोम तम, भाजलेली केळी, चक्क आइस्क्रीम. आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप असतात, तसंच. मामा एका मंडपात उखळापाशी उभे राहिले ते दुपारपर्यंत पपई कुटत होते.

पण हे बारा वाजेपर्यंतच. इथे राहणारे गृहस्थ अष्टशील पाळतात, म्हणजे दुपारनंतर जेवण नाही. संध्याकाळी फक्त पेय. गोड काळा चहा, फळांचा गाळलेला रस, आणि मीठ-मिरची-साखर लावलेले हिरडे नि आवळे. हिरडा औषध म्हणून विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, चालतो. भूक लागल्यावर माणूस हिरडासुद्धा आवडीने खातो हा शोध मला तिथे लागला. मामा आरामात होते. "पोट पहिले दोन दिवस ओरडते, मग त्याले समजते."

सोबत आणायचं सामान : टॉर्च, स्वतःची चटई, जाड शाल, डासांचं मलम, कानात घालायला कापूस. संडास भारतीय पद्धतीचे आणि स्वच्छ, पण पहाटे तीनआधी उठलात तरच रांग टळते.

तेराला मामांना त्यांच्या जुन्या शाखेचे भिक्खू भेटले. तिथे आता जे प्रमुख आहेत ते मामांना बरेच कनिष्ठ. नवे होते तेव्हा पिंडपाताहून परतल्यावर मामांचे पाय धुवायचे, पात्र धुऊन उन्हात ठेवायचे. इथली रीतच ती. आता ते आसनावर बसले होते आणि मामा खाली चटईवर. गृहस्थाने भिक्खूला नमस्कार करायचा, मग भिक्खू कालचा का असेना. भिक्खू गृहस्थाला उलट हात जोडत नाहीत. मामा वाकले. पहिल्या वेळी त्या प्रमुखांचे हात मांडीवरून इंचभर उचलले गेले आणि तिथेच थांबले. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी ते स्थिर होते. मामा उठून बसल्यावर त्यांनी विचारलं ते पाण्याच्या पंपाबद्दल. मामांनी तिथे बसवलेला पंप मधूनच बंद पडत होता. पुढचा अर्धा तास दोघं कपॅसिटरवर बोलत होते.

तिथून उठल्यावर मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं. घरात सगळ्यांची समजूत की आजीच्या आजारपणासाठी त्यांनी चीवर सोडलं. आजीही तसंच सांगायची, जरा अभिमानाने.

"आईसाठी सोडायची गरजच नव्हती," मामा म्हणाले. "भिक्षेतलं आईबापाले देता येते, विनयात मुभा आहे. भांडण नव्हतं, श्रद्धा गेली नव्हती. पुढचा वर्षावास आला की मी तिथे बसलेला दिसायचो मला, दर वर्षी. त्या वर्षी दिसलो नाही."

"मग?"

"मग काय. फुलं घेऊन गेलो, सिक्खं पच्चक्खामि, म्हणजे भिक्खूचे नियम सोडतो, म्हटलं, मला गृहस्थ समजा म्हटलं. झालं. पंचशील घेतलं आणि पँट घातली. बेल्ट नव्हता, सुतळी बांधली."

विनयाप्रमाणे हे एक वाक्य, समजणाऱ्या माणसासमोर, एवढंच पुरतं. पुन्हा यावंसं वाटलं तर दारही उघडं असतं, पाराजिकासारखा मोठा दोष घडलेला नसला म्हणजे. वस्तीतल्या लोकांना मात्र 'का' याचं काहीतरी जबरदस्त उत्तर हवं असतं, आजार नाहीतर भानगड. मामा त्यांना धर्मानंद कोसंबींचं उदाहरण द्यायचे. त्यांनी श्रीलंकेत चीवर घेतलं, पुढे उतरवलं, कलकत्त्यात पाली शिकवलं, हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं, आणि 1947 मध्ये आपल्या शेजारच्या सेवाग्रामला देह ठेवला. पण 'ते मोठे होते हो' यापुढे कुणाचं जात नाही, म्हणून आता मामांनी तेही सोडलं.

16 जानेवारी

सकाळपासून रान पांढरं आणि तपकिरी. दुपारी सगळे फुलं, अगरबत्ती, मेणबत्ती घेऊन चैत्याला प्रदक्षिणा घालायला निघाले. अजान चाह यांच्या अस्थी या चैत्यात आहेत. हजारो माणसं अनवाणी चालत होती आणि तरी पावलांखालच्या वाळूचा आवाज ऐकू येत होता. गर्दीत मी मागे पडले तेव्हा मामांनी वळून माझा हात धरला आणि गर्दीतून ओढत पुढे घेतलं. मामांनी कधी हात धरून रस्ता ओलांडून दिला असं माझ्या लहानपणात घडलं नव्हतं, आणि इथे ते घडलं तेव्हा माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलेलं होतं. कुणी वळूनही पाहिलं नाही.

चैत्यापाशी आमचं मराठी ऐकून एक तरुण भिक्खू थबकला. आपल्याकडचाच, यवतमाळच्या बाजूचा. "नागपूरचे का?" चीवर घेऊन पाच वर्षं अजून झाली नव्हती, म्हणजे नियमाप्रमाणे गुरूच्या निश्रयात, त्यांच्या देखरेखीखाली. मामा लगेच खाली बसले, त्याला 'भन्ते' म्हणाले, वंदन केलं. तो पोरगा संकोचला. थोडं इकडचं तिकडचं, कापूस, पाऊस, घरचे कसे. मग त्याने मान खाली घालून विचारलं, "बाहेर कसं आहे, दादा?"

मला वाटलं मामा काहीतरी धम्माचं बोलतील. ते म्हणाले, "भन्ते, आधार कार्ड आहे काय? जपून ठेवा. पासपोर्ट संपू देऊ नका. आणि इथं वायरिंग, वेल्डिंग जे शिकाले भेटते ते शिकून घ्या, राहा किंवा जा." शेवटी आपला फोन नंबर लिहून दिला.

17 जानेवारी, खोंग चियाम

उबोनपासून पूर्वेला ऐंशीएक किलोमीटर. इथे मून नदी मेकाँगला मिळते आणि काही अंतर दोन रंगांचं पाणी शेजारीशेजारी वाहतं, मेकाँगचं गढूळ, मूनचं निळसर. पलीकडचा काठ लाओसचा. रंगांचा फरक उन्हाळ्याकडे जास्त दिसतो म्हणतात. आम्हाला अंधूक दिसला, पण दिसला.

मामांचे एक गुरुभाऊ इथे तरंगत्या तराफ्यावर खानावळ चालवतात. तेही माजी भिक्खू. बायको मालकीण, ते स्वतः मासे साफ करतात. भिक्खूने झाडाची फांदीही मोडायची नसते, आणि हे गृहस्थ पाटावर मासा ठेवून खवले काढत होते. मी बघते आहे हे पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि मामांमार्फत सांगितलं की पहिलं वर्षभर मासे बायकोच मारायची, आताही तीच मारते, मी फक्त साफ करतो. मेकाँगमधल्या माशाचं गवती चहा घातलेलं आंबट-तिखट सार आम्ही सूर्य मावळल्यावर जेवलो. रात्रीचं जेवण! चार दिवसांच्या हिरड्यांनंतर मी तीन वाट्या घेतल्या.

दोघं माजी भिक्खू बराच वेळ गप्पा मारत होते. मधूनमधून मामा मला सांगत : याला झोपताना अजून उशी चालत नाही. याने गाडी शिकायला घेतली तेव्हा परीक्षेत तीनदा नापास. हा देवळाजवळून जाताना अजून स्वतःच्या खांद्यावर चीवर सरकलं का बघतो. बायको हे सगळं ऐकून ऐकून कंटाळलेली दिसत होती, तिने हिशेबाची वही काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फा टेम. थायलंडमधला पहिला सूर्योदय इथे दिसतो म्हणून थाई लोक गर्दी करतात. मला खालच्या कड्यावरची चित्रं जास्त आवडली. तीन हजार वर्षांपूर्वीचे मासे, हत्ती, मासे पकडायचे सापळे आणि लाल रंगात उमटवलेले हाताचे पंजे. कड्याच्या कडेने उतरायची वाट निसरडी आहे, बूट घाला. खोंग चियामहून सार्वजनिक वाहन मिळणं कठीण, उबोनहूनच गाडी ठरवून आणा.

संध्याकाळच्या गाडीने बँकॉक, तिथून घरी.

येऊन महिना झाला नाही तोच त्या यवतमाळच्या भिक्खूचा फोन आला. मामा तेव्हा बोधगयेत, थाई आज्यांचा एक जथा बसमध्ये चढवत होते. मी कॉन्फरन्सवर होते. त्याने विचारलं, पासपोर्टवरचं नाव बदलायला काय लागतं? मामांनी काहून असं विचारलं नाही.

"आधी गॅझेटमध्ये नाव द्या, भन्ते. मग पॅन, मग बँक. उलटं गेलात तर माझ्यासारख्या दोनदा चकरा होतात. थांबा जरा," आणि फोन कानाला तसाच ठेवून ते थाईत ओरडले, "आजी, ती बस नाही, ही!"